टांगलेल्या बाकाची बाजू

आपल्या महाविद्यालयात डोंगर चढणाऱ्यांचा एक पंथ आहे. रविवारी पहाटेच्या एस. टी.ने निघावे, सोमवारी लंगडत वर्गात यावे आणि उरलेला आठवडा इतरांना तुच्छ लेखावे, असा या पंथाचा आचारधर्म. मला त्यांच्याविषयी आदर आहे. त्यांच्यापैकी दोघी तर माझ्या जिवलग मैत्रिणी आहेत. परंतु त्यांचे एक मत मला मुळीच पटत नाही. डोंगर पायांनीच चढावा, दोराला लटकून वर जाणारा मनुष्य हा प्रवासी नसून पार्सल असतो, असे ते म्हणतात. स्टाफरूममध्येही या मताचे पाठीराखे आहेत, असे ऐकते. प्रस्तुत लेख पार्सलांच्या वतीने लिहिला आहे.

दोरावरच्या वाहनांत अनेक जाती आहेत. त्यांतली मला विशेष प्रिय जात म्हणजे स्की खेळणाऱ्यांना बर्फाच्या उताराच्या माथ्यावर नेऊन सोडणारी स्कीलिफ्ट. आपल्या देशात ती पाहायची तर उत्तराखंडातले औली किंवा काश्मीरमधले गुलमर्ग गाठावे लागते. मला सुदैवाने दोन्हीकडे जायला मिळाले, एकदा घरच्यांबरोबर आणि एकदा मैत्रिणींबरोबर. मला स्की येत नाही. बहुतेक भारतीय प्रवासी ज्या कारणाने या लिफ्टमध्ये बसतात त्याच कारणाने मीही बसले : वर जायचे, थोडे गारठायचे, चहा प्यायचा आणि खाली यायचे. तरीसुद्धा त्या सहलींतले काय आठवते असे कोणी विचारले, तर शिखरे मागाहून आठवतात. आधी आठवतो तो टांगलेला बाक.

या बाकाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागात शोलाख येथे १९०८ साली रोबर्ट विंटरहाल्डर नावाच्या एका खानावळवाल्याने पाहुण्यांना उतारावर ओढून नेण्यासाठी पाणचक्कीच्या बळावर चालणारा दोर बसवला. ती झाली ओढणारी लिफ्ट. बसून जाण्याची खुर्ची आली १९३६ साली, अमेरिकेतील आयडाहो राज्यात सन व्हॅली या ठिकाणी. युनियन पॅसिफिक रेल्वेचे अभियंता जेम्स करन यांची ती कल्पना. हे गृहस्थ पूर्वी जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या यंत्राच्या कामावर होते. आकड्याला घड लटकतो तर माणूस का लटकू नये, असा सरळ विचार त्यांनी केला आणि आकड्याच्या जागी खुर्ची लावली. ओमाहाच्या रेल्वे आवारात चाचणी घेतली तेव्हा तिथे बर्फ कुठला असणार? मग चाकांचे बूट घातलेल्या माणसांना खुर्चीने उचलून पाहिले. तेव्हा आमचे गिर्यारोहक मित्र ‘पार्सल’ म्हणतात ते इतिहासाला थोडेफार धरूनच आहे. फक्त यापुढे त्यांनी ‘केळी’ म्हणावे, म्हणजे अधिक अचूक होईल.

यंत्र तसे साधे असते. पोलादी दोराचे एकच लांबलचक कडे, वर एक मोठे चाक, खाली एक. दोराला ठराविक अंतरावर खुर्च्या आवळलेल्या. उतरणाऱ्या रिकाम्या खुर्च्या चढणाऱ्या खुर्च्यांचे वजन तोलतात, त्यामुळे मोटारीला मुख्यतः माणसांचाच भार उचलावा लागतो. जुन्या पद्धतीच्या लिफ्टमध्ये दोर कोणासाठी थांबत नाही. आपण आखलेल्या जागी उभे राहायचे. मागून खुर्ची येते, गुडघ्यांच्या मागे टेकते आणि बघता बघता पाय जमीन सोडतात. कोणी पडले तरच माणूस कळ दाबतो. मग मात्र सगळाच दोर थांबतो, आणि पडलेला उठेपर्यंत डोंगरभर माणसे जिथल्या तिथे झुलत राहतात.

औलीला आम्ही डिसेंबर २०२२ मध्ये गेलो होतो. आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. जोशीमठाहून औलीला नेणारा रोपवे सुमारे ४ किलोमीटर लांब आणि दहा मनोऱ्यांवरून जाणारा. एक डबा वर जाई तेव्हा दुसरा खाली येई. पहिल्या मनोऱ्यावर डब्याला हिसका बसला मात्र, आईने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. अंतराचा तिचा हिशेब अजून तोच आहे : जोशीमठ ते औली, दोन रामरक्षा. बर्फ त्या दिवसांत नावापुरताच होता. वरच्या उतारावर सुमारे ८०० मीटरची उघडी चेअरलिफ्ट आहे, तिच्यात बसायला आईने साफ नकार दिला आणि ती सर्वांच्या शाली सांभाळत खाली राहिली. भाऊ उतावीळपणे पुढच्या खुर्चीत चढला. मागच्या खुर्चीत बाबा आणि मी.

आमचे बाबा मितभाषी आहेत. घरी त्यांचे-माझे संभाषण फी, गॅसचा नंबर आणि ‘किती वाजता येणार?’ यांच्यापलीकडे क्वचित जाते. खुर्ची जमिनीपासून वर गेली. समोर नंदादेवी होती, ७,८१६ मीटर उंचीची, आणि खाली आमचे चार बूट लोंबत होते. बाबांचे पाय असे अधांतरी हलताना मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. शाळेच्या बाकावर पाय न पुरणाऱ्या मुलाचे हलतात तसे. मग ते आपणहून बोलू लागले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक शिक्षणक्रमासाठी त्यांची निवड झाली होती. एका मित्राकडून सॅकसुद्धा आणून ठेवली होती. त्याच वर्षी आत्याचे लग्न ठरले, आणि आजोबांनी गाडीभाड्याचे पैसे नाहीत म्हणून सांगितले. “सॅक परत करायला गेलो तर तो म्हणाला, का रे? मी सांगितलं, पाय मुरगळला.” एवढे बोलून ते थांबले. मला काहीतरी विचारायचे होते. पण ते म्हणाले, “अगं, पाय उचल. उतरायचं आलं.”

खाली येताना ते तिकिटाच्या दराविषयी बोलले.

ही गोष्ट बाबांनी घरी का सांगितली नसती, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. घरी माणसे समोरासमोर बसतात. समोर बसून बोलणे म्हणजे थोडीशी मुलाखतच. लिफ्टच्या बाकावर दोघेही एकाच दिशेला पाहत असतात. हातात जाड मोजे, त्यामुळे फोन निरुपयोगी. उठून जाता येत नाही, आणि तरीही काही मिनिटांत सुटका आहे हे ठाऊक असते. गाडी चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर असते. इथे दोघांपैकी कोणालाच काही करायचे नसते. आता पायी चढण्याकडे पाहा. दम असलेला पुढे जातो, नसलेला मागे राहतो, आणि मागच्याला पुढच्याची पाठ दिसते. माझ्या गिर्यारोहक मैत्रिणींबरोबर मी तीन किल्ले चढले आहे. तिन्ही वेळा त्यांच्या सॅकचे रंग तेवढे माझ्या लक्षात राहिले. पंचावन्न वर्षांचा आणि वीस वर्षांची, दमेकरी आणि खेळाडू, यांना एकाच वेगाने, खांद्याला खांदा लावून डोंगर चढवणारे दुसरे साधन मला तरी माहीत नाही.

गुलमर्गचा गोंडोला मात्र उघडा नाही, सहा जणांची बंद पेटी आहे. फ्रेंच कंपनीच्या साहाय्याने उभारलेल्या या मार्गाचा पहिला टप्पा, कोंगडोरीपर्यंतचा, १९९८ साली सुरू झाला आणि दुसरा, अफरवतच्या खांद्यापर्यंतचा, २००५ साली. हा दुसरा टप्पा सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेतो. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही चौघी मैत्रिणी आणि, घरच्यांच्या समाधानासाठी, एकीच्या आत्या अशा पाच जणी तिथे गेलो. त्या वर्षी अर्धा जानेवारी उलटला तरी गुलमर्गला बर्फ पडला नव्हता. पोस्टरवर पाहिलेला पांढरा उतार प्रत्यक्षात तपकिरी गवताचा होता. लाकडी स्लेज ओढणारी माणसे स्लेज पालथ्या घालून त्यांच्यावरच बसली होती. बर्फ नसताना स्कीलिफ्टमध्ये बसणे म्हणजे मांडव आहे, वाजंत्री आहे आणि नवरा-नवरीचा पत्ता नाही, असे आत्या म्हणाल्या. तरी तिकिटे काढली होती, म्हणून बसलो.

आमच्या पेटीत सहावे आसन रिकामे होते. त्यात एक स्थानिक गृहस्थ येऊन बसले. ते स्की शिकवीत असत. पेटी देवदारांच्या वरून जाऊ लागली तेव्हा ते खाली बोट दाखवून सांगू लागले : या दिवसांत इथे कमरेइतका बर्फ असतो, त्या खडकावरून मुले उडी घेतात, तो खडक आज प्रथमच इतका उघडा दिसतो आहे. त्यांच्या शिष्यांनी नावे मागे घेतली होती. आत्यांनी आपल्या खास हिंदीत विचारले, “फिर आप ऊपर कायको जाते हो?” ते म्हणाले, रोज एकदा वर जाऊन ढग पाहून येतो. यावर कोणाला काही बोलायला सुचेना. आमच्यापैकी एक तोपर्यंत खिडकीला फोन लावून चित्रण करीत होती, तिने तो खिशात ठेवला. आत्यांनी पिशवीतून डबा काढला. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. तिळगुळाचा एक लाडू त्यांच्या हातावर ठेवून, तो घेताना काय म्हणायचे असते ते आत्यांनी त्यांना दोनदा म्हणायला लावले. ‘गोड बोला’तला ‘ळ’ त्यांना जमला नाही. कारण त्यात ‘ळ’ नाहीच, तो ‘तिळगुळा’त आहे, हे आत्यांच्याही ध्यानात यायला कोंगडोरी यावी लागली.

पुढे महिनाअखेरीस बर्फ पडला, आणि फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही तिथे झाल्या. ती बातमी वाचून पाचही जणींनी एकमेकींना फोन केले.

आता आक्षेपांकडे येते. रायगडचा रोपवे १९९६ साली सुरू झाला, तेव्हापासून त्याच्याविषयी नाके मुरडली जात आहेत. दीड हजारांच्या आसपास पायऱ्या चढून जे मिळवायचे ते चार-पाच मिनिटांत मिळाले तर त्याची किंमत काय, हा प्रश्न. माझ्या आजीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. तिने रोपवेने वर जाऊन समाधीपुढे चपला काढून हात जोडले. तिच्या दर्शनाची किंमत पायऱ्यांत मोजण्याचा अधिकार कोणाला आहे? (त्या रोपवेचे खालचे स्थानक हिरकणीवाडीत आहे. तान्ह्या बाळासाठी जिने कडा उतरला तिच्या वाडीतून आज पाळणा वर जातो, हा योगायोग आजीच्याच ध्यानात आला.) आजीपुढे दुसरा मार्ग होता तो डोलीचा. चार माणसांच्या खांद्यांवरून जाण्यापेक्षा दोरावरून जाणे मला बरे वाटते. मात्र त्या चौघांच्या चुलीचे काय, हा प्रश्न उरतोच. २०२४ च्या अखेरीस वैष्णोदेवीच्या रोपवेविरुद्ध कटऱ्याला घोडेवाले आणि पालखीवाले संपावर गेले, ते उगीच नव्हे. दोर बांधला जाईल तिथे पहिल्या नोकऱ्या त्यांच्या घरांत गेल्या पाहिजेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मला मान्य आहे. जून २०१७ मध्ये गुलमर्गला वादळी वाऱ्याने झाड दोरावर कोसळले आणि ७ माणसे दगावली. आणि आम्ही औलीहून परतलो त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी २०२३ मध्ये, जोशीमठच्या घरांना भेगा पडल्या. माणसांना घरे सोडावी लागली आणि रोपवे बंद करण्यात आला. हे गाव दरडीच्या जुन्या राडारोड्यावर वसले आहे, तिथे जड बांधकामे करू नयेत, असे मिश्रा समितीने १९७६ सालीच सांगून ठेवले होते. सगळा दोष एकट्या रोपवेवर ढकलणे चुकीचे ठरेल. तिथे रस्ते झाले, हॉटेले झाली, बोगदे झाले. पण ज्या डब्यात आईची रामरक्षा झाली, तो डबा ज्या जमिनीवरून निघाला तीच सरकत होती, हे वाचल्यापासून मी रोपवेची सरसकट तरफदारी करत नाही. दोर कितीही बळकट असला तरी तो शेवटी कोणत्या तरी खडकाला बांधलेला असतो, आणि तो खडक कसा आहे हे आधी पाहायला हवे.

२०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डोंगराळ भागांतील रोपवेंसाठी ‘पर्वतमाला’ योजना जाहीर झाली. आणखी दोर येणार हे उघड आहे. त्यांत काचेच्या बंद पेट्या असतील, वेग असेल, बहुधा आत जाहिरातींचे संगीतही असेल. माझी मागणी लहान आहे. जमीन तपासून झाल्यावर, जिथे उंची बेताची आणि वारा सौम्य असेल अशा एखाद्या ठिकाणी, एक तरी उघडी, हळू चालणारी, दोन माणसांची खुर्ची ठेवा. तिच्यात संगीत नको.

आणि कोणी अशा खुर्चीत बसणार असेल, तर अनुभवाचे दोन शब्द. ओढणी किंवा मफलर आत खोचावा. दांडा खाली ओढून घ्यावा. शेजारी कोणाला बसवायचे हे मात्र रांगेतच ठरवून टाकावे, नाहीतर ऐनवेळी मागचा अनोळखी मनुष्य येऊन बसतो आणि वरपर्यंत त्याच्या नव्या बुटांची हकिकत ऐकावी लागते. माझ्या भावाला ती सबंध ऐकावी लागली, किमतीसकट.