लेझर आधी मोजा

जुन्या डीव्हीडी रायटरमधला लाल लेझर डायोड काढून काडी पेटवणारी पोरं आमच्या वाशिम जिल्ह्यातही आहेत. मोठी माणसं त्यांना रागावतात. मला मात्र त्यातला जो मोजायला बसतो, तो कामाचा वाटतो.

मोजणं अवघड नाही. काळ्या केलेल्या तांब्याच्या चकतीवर किरण पाडायचा आणि चकती किती तापली ते लिहायचं. मग तिला चिकटवलेल्या रेझिस्टरला वीज देऊन ती तेवढीच तापवायची. व्होल्ट गुणिले अँपिअर, झाले वॅट! भिंग बदलून पुन्हा मोजलं की कळतं, तीन भिंगांचा संच किरण बारीक ठेवतो, पण थोडी शक्ती स्वतःच खातो. डोळ्यांवर त्या रंगाच्या लेझरसाठीचाच चष्मा हवा. उन्हाचा गॉगल चालत नाही.

स्टिकरवर जाऊ नये. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने 2010 मध्ये तपासलेल्या एका स्वस्त हिरव्या पॉइंटरवर 10 मिलिवॅट लिहिलेलं होतं. त्यातून न दिसणारं इन्फ्रारेडच जवळपास 20 मिलिवॅट निघत होतं. जे दिसत नाही, त्याला पापणीही मिटत नाही.

मिरवणुकीत तर कुणीच मोजत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये ईद-ए-मिलादच्या जुलूसमधल्या डीजे आणि लेझरवरची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. गणेशोत्सवात जो आवाज घातक, तो ईदलाही घातक, असं न्यायालय म्हणालं. लेझरबाबत मात्र शास्त्रीय आधार मागितला. तो आधार द्यायला आपल्या हातात आकडे हवेत. जुलूस कमिटीने भाड्याच्या लेझरची शक्ती लेखी मागावी, या पोरांकडून ताडून घ्यावी, आणि जो आकडा देत नाही त्याचा लेझर लावू नये. गणेश मंडळांनाही माझं हेच सांगणं आहे.