लिफाफा उघडल्यानंतर

मार्च 2023 मध्ये यवतमाळ शहरातील एका रस्त्याखालची जलवाहिनी फुटली. डांबर फाटले, पाण्याचा लोट उंच उसळला आणि स्कूटरवरून चाललेली एक महिला जखमी झाली. देशभरच्या वाहिन्यांनी ते दृश्य पुन्हापुन्हा दाखवले. चार दिवस चर्चा झाली आणि मंडळी आपापल्या कामाला लागली. त्याआधी 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा याच शहराने टँकरच्या रांगा पाहिल्या होत्या, आणि बेंबळा धरणाचे पाणी आणणाऱ्या अमृत योजनेच्या पाइपांकडे ते डोळे लावून बसले होते. आपल्या घरातल्या नळाचा कंत्राटाच्या अटींशी किती जवळचा संबंध असतो, हे यवतमाळकरांना वेगळे सांगायला नको.

डिसेंबर 2025 मध्ये राज्यातील नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या. त्यापूर्वी बराच काळ कारभार प्रशासकांच्या हाती होता. आता नवे सभागृह, नवी कामे, नव्या निविदा. खरेदीचे आणि कंत्राटाचे नियम काळानुरूप सुधारायचे असतील, तर त्याला हीच वेळ योग्य आहे.

नियम नाहीत असे मात्र कुणी म्हणू नये. राज्य शासनाने 1 डिसेंबर 2016 रोजी खरेदीची नियमपुस्तिका काढली. त्याच वर्षी केंद्राचे 'जेम' हे खरेदी-संकेतस्थळ सुरू झाले. पूर्वी 3 लाखांवरील खरेदीला ई-निविदा लागे. ती मर्यादा पुढे 10 लाखांवर गेली. मर्यादा आली की तिच्या खाली राहण्याची कलाही आलीच. एका नालीच्या कामाचे तीन तुकडे करायचे, प्रत्येकाला वेगळे नाव द्यायचे, की संगणकाला दिसतात ती तीन छोटी कामे! म्हणून वर्षाची सगळी कामे आधी एकत्र मांडून मगच त्यांची किंमत ठरवावी, हा पहिला नियम हवा.

दुसरा प्रश्न सर्वांत कमी दराचा. अंदाजपत्रक 100 रुपयांचे आणि एकाने 70 रुपयांत काम मागितले, तर सभागृहात बाके वाजतात. मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत कंत्राटदारांच्या हमीपत्रांचे कागद तपासण्यात घालवली. हे 30 रुपये कुठून वाचणार, हा आमचा पहिला प्रश्न असे. कधी अंदाजपत्रकच फुगवलेले असते. कधी ते पैसे सिमेंटमधून, गिट्टीतून, नाहीतर काँक्रीटवर मारायच्या पाण्यातून वाचवले जातात. फार कमी दर देणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव घेण्याची पद्धत आहे, ती ठीकच. केंद्रीय अर्थ खात्याने 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांनी निवडक कामांत दराबरोबर गुणवत्तेलाही जास्तीत जास्त 30 टक्के वजन देण्याची मुभा दिली. पण गुणवत्तेचे गुण देणार कोण? निकष आधी जाहीर नसतील तर तीच मर्जी मागल्या दाराने आत येते.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 1979 चा एक निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रकरण मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाचे होते. निविदेत पात्रतेची अट होती, आणि कंत्राट मात्र ती पूर्ण न करणाऱ्याला मिळाले. सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिच्यावरही बंधनकारक असते, असे न्यायालयाने बजावले. मात्र दाद मागणारा उशिरा आला म्हणून ते कंत्राट रद्द झाले नाही! तेव्हा नागरिकांनी जागे राहायचे ते वेळेवर.

माझ्या मते खरी ढिलाई आहे ती लिफाफा उघडल्यानंतर. निविदा कुणाला मिळाली याची बातमी होते. मोजमाप पुस्तिकेत काय लिहिले, अंतिम देयक केव्हा निघाले, दोषदायित्वाच्या मुदतीत खड्डा कुणी बुजवला, याची होत नाही. पाइप एका यंत्रणेचा, रस्ता दुसरीचा. खोदल्यावर पूर्ववत कुणी करायचे यावर दोन्हीकडचे कागद फिरत राहतात. ही जबाबदारी करारातच एका नावावर लिहिली पाहिजे. ठेव परत करण्यापूर्वी त्या गल्लीतल्या रहिवाशांसमोर पाहणी व्हावी. कामाच्या फलकावर रक्कम आणि कंत्राटदाराच्या नावाबरोबर दोषदायित्वाची शेवटची तारीखही असावी. युक्रेनने 2016 पासून सरकारी खरेदी सर्वांना पाहता येईल अशी खुली केली. आपल्याकडे 2005 चा माहिती अधिकार कायदा तर संस्थेने माहिती आपण होऊन द्यावी असेच सांगतो. अर्ज करण्याची वेळच यायला नको.

एक गोष्ट कंत्राटदारांच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. 2025 मध्ये थकलेल्या देयकांसाठी राज्यभर त्यांनी आंदोलने केली. पैसे वर्षानुवर्षे अडकले की कर्ज काढून काम करणारा प्रामाणिक माणूस व्याजात बुडतो आणि पुढच्या निविदेपासून दूर राहतो. मग उरतात ते ज्यांना देयक काढून घेण्याचे मार्ग ठाऊक आहेत ते. म्हणून देयकाची मुदत आणि विलंबाचे व्याज हेही नियमांत हवे.

नव्या नगरसेवकांनी आपल्या प्रभागातल्या फक्त एका कामाचा करार मागवून तो शेवटच्या पानापर्यंत वाचावा, आणि आपण घरी बसलेल्यांनी तो वाचला का, एवढे त्यांना विचारावे.