वेलांटी चुकणारी मुलगी



चुडावा म्हणजे पूर्णा आणि नांदेडच्या मधलं लहानसं रेल्वे स्टेशन. अशा कुठल्याही गावच्या शाळेत ही मुलगी भेटू शकते. सहावीत आली तरी ती 'ख'चं 'रव' वाचते, 'घ' आणि 'ध'मध्ये अडकते, जोडाक्षर आलं की थांबते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची पण उच्चारायची नंतर, हा आपल्या लिपीचा नियम तिला रोज नव्यानं चकवतो. वर्ग हसतो. घरचे म्हणतात, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही." तीच मुलगी दिवाळीला पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी पुस्तक न बघता काढते. मग डोकं नाही असं कसं म्हणायचं?

वाचनातल्या या अडचणीचं नाव डिस्लेक्सिया. ती जन्मजात असते. बुद्धीच्या कमी-जास्तपणाशी किंवा आळसाशी तिचा संबंध नाही. वेगळ्या पद्धतीनं, सावकाश शिकवलं तर अशी मुलं वाचायला शिकतात.

'तारे जमीं पर' हा चित्रपट 2007 साली आला आणि हा शब्द घरोघरी पोचला. त्यातला मुलगा शहरातला होता. त्याला निवासी शाळा मिळाली, चित्रकलेचे शिक्षक मिळाले. आपल्या मुलीला काय मिळतं? मुलगे वर्गात दंगा करतात म्हणून निदान नजरेत तरी येतात. मुली गप्प बसतात आणि गप्प बसणं हा मुलीचा गुण समजला जातो. शाळेत मन रमेनासं झालं की मुलाला शिकवणी लावतात, मुलीला स्थळ बघतात. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 48 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा 22 टक्क्यांच्या आसपास होता. "शिकून काय करणार?" हा प्रश्न जिथं इतक्या सहज विचारला जातो, तिथं न ओळखलेला डिस्लेक्सिया मुलीचं अख्खं आयुष्य ठरवू शकतो.

सवलती नाहीत असं नाही. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सोयी आपल्या राज्यानं 1996 पासूनच देऊ केल्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा स्वतंत्र उल्लेख आहे. मराठीतून तपासणी करायची साधनंही तयार झाली आहेत. पण या सगळ्याला प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्रासाठी शहराच्या खेपा. मजुरी बुडवून मुलीसाठी या खेपा कोण घालणार?

कलेचंही तसंच. प्रत्येक अशा मुलीच्या हातात कला असतेच असं नाही, आणि चित्र काढलं म्हणून वाचता येऊ लागत नाही. पण आपल्याला काहीतरी नीट जमतं, हे एकदा कळलं की पुस्तक पुन्हा उघडायचं बळ येतं. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दहावीला जादा गुणही मिळतात. मात्र शिक्षण हक्क कायद्यानुसार कलेचा अंशकालीन निदेशक द्यायचा तो सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असलेल्या शाळेला. लहान गावातली मुलगी तिथंही बाहेरच. तिची रांगोळी, तिनं शिवलेली वाकळ यांचं कौतुक होतं, पण "सासरी नाव काढशील" या शब्दांत! तिची नजर, तिचं मोजमाप, तिची स्मरणशक्ती यांना बुद्धी म्हणायला आपण कधी शिकणार?

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. येत्या बैठकीत दोनच प्रश्न विचारूया : वाचनात मागं पडलेल्या मुलींची तपासणी झाली का? आणि चित्रकलेचा तास खरोखर होतो का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आणि घरी "हिला येत नाही" असं म्हणण्याआधी, तिला काय काय येतं ते एकदा मोजून बघा.