चासीवर हातोडी

माझी टोयोटा हायलक्स 1994 सालची. 2.8 लिटरचं डिझेल इंजिन, मागे उघडा हौदा, काट्यावर 3 लाख 12 हजार किलोमीटर. नागानोच्या डोंगरात राहतो, तिथल्याच एका सफरचंदवाल्या आजोबांकडून घेतली. टोकियोच्या निशिकासाईतली आमची मराठी मंडळी हवापालटाला येतात, तिच्याभोवती एक चक्कर मारतात आणि विचारतात, "जपानमध्ये राहून हा खटारा?"

जपानमध्येच तर हिला खटारा म्हणतात! इथे एक लाख किलोमीटर, म्हणजे 'जूमान किरो' झाले, की गाडीचं सुतक सुरू होतं. गंमत अशी की माझ्या गाडीत एक लाख झाले की टायमिंग बेल्टचा दिवा लागतो. बेल्ट बदलायचा, काट्यामागचा एक स्क्रू जागा बदलून बसवायचा, की दिवा जातो आणि पुढच्या लाखाची मोजणी सुरू होते. बनवणाऱ्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या लाखाची सोय करूनच ती कारखान्याबाहेर काढली होती. अशीच एक जुनी हायलक्स बीबीसीवाल्यांनी 2003 साली भरतीच्या पाण्यात बुडवली, पाडायच्या इमारतीच्या डोक्यावर ठेवून खाली आणली, तरी चालू झाली. आणि 2004 साली टोयोटाने हायलक्सच जपानच्या बाजारातून काढून टाकली. 2017 साली परत आणली, तीही थायलंडमध्ये बनवून.

आता सरकारी प्रेम. डिझेल गाडीला 11 वर्षं झाली की वार्षिक कर वाढतो. 13 वर्षांनी वजनावरचा कर वाढतो, 18 नंतर आणखी. मालवाहू म्हणून दर वर्षी तपासणी, ती वेगळी. धुरामुळे टोकियोत हिची नोंदणीच होणार नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. टोकियोचे तेव्हाचे गव्हर्नर इशिहारा यांनी 1999 साली काजळीने भरलेली बाटली पत्रकारांपुढे हलवून दाखवली होती, ती काजळी खरीच होती. दमेकऱ्याच्या छातीपुढे माझ्या हौद्याचं कौतुक कुणी ऐकू नये. पण म्हणून नवी गाडी घडवताना जे पोलाद वितळतं, जो कोळसा जळतो, त्याचा धूर कोणत्या बाटलीत भरायचा? 'मोत्ताइनाई', म्हणजे चांगली वस्तू वाया जाताना वाटणारी हळहळ, हा शब्द जपानचा. तो जगभर नेला मात्र केनियाच्या वांगारी माथाई यांनी, 2005 पासून. खुद्द जपानला तो फक्त फडक्यावर छापायला हवा असतो.

हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवणारं मीठ पसरतं ते सरकार. ते मीठ चासी खातं, ब्रेकचे पाइप खातं, कमानपाट्यांच्या फटींत जाऊन बसतं. आणि मार्चमध्ये खड्ड्यात उभं राहून, लांब दांड्याच्या हातोडीने माझ्या नटबोल्टांवर टकटक करून "गंज आहे" म्हणतं तेही सरकारच. म्हणून शेवटचा बर्फ गेला की मी आठवडाभर गाडीखाली आडवा असतो. आधी पाण्याचा फवारा, मग तारेचा ब्रश, मग काळा रंग. टाय रॉडचं रबर बोटाने ताणून बघायचं, कारण बोटभर चीर दिसली तरी गाडी नापास. ग्रीस मानेतून पाठीत उतरतं. एका विक्रेत्याने मला अतिशय नम्रपणे, कमरेत वाकून, गाडी भंगारात द्यायला सुचवलं. मी त्याला पाना दिला आणि दिवा धरायला सांगितलं. त्याने दिवा धरला नाही.

हातोडीचं मला वाईट वाटत नाही. ती एकाच बाजूला पडते, याचं वाटतं. 29 जानेवारी 2024 रोजी टोयोटा इंडस्ट्रीजने कबूल केलं, की डिझेल इंजिनांच्या अश्वशक्तीची प्रमाणपत्र चाचणी देताना विक्रीच्या गाडीतलं नव्हे, तर वेगळंच सॉफ्टवेअर वापरलं होतं. यादीत नवी हायलक्सही होती. फॉर्च्युनर आणि इनोव्हाही होत्या, म्हणजे आपल्या पुढाऱ्यांचा सगळा ताफाच! त्याआधीच्या महिन्यात दाइहात्सूच्या 174 लबाड्या बाहेर आल्या होत्या. माझं फाटकं रबर लपवता येत नाही. त्यांचं सगळं गुळगुळीत आलेखात बसलं.

पुण्याचा एक मित्र फुटक्या भांड्याला सोन्याने सांधणाऱ्या किंत्सुगीवर कंपन्यांमध्ये व्याख्यानं देतो. स्वतःची गाडी त्याने सातव्या वर्षी विकली. का, तर "कंटाळा आला". आपल्याकडे 15 वर्षांनी हरित कर भरायचा आणि पीयूसीसाठी गाडीऐवजी फक्त नंबर न्यायचा, असा सुटसुटीत व्यवहार. इथल्या हातोडीवाल्याशी मी भांडतो, पण तो निदान गाडीखाली उतरून बघतो.

यंदाची तपासणी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. डाव्या बॉल जॉइंटचं रबर तडकलंय, ते उद्या बदलतो. टायमिंग बेल्टचा दिवा आजवर तीनदा लागून गेला. चौथ्यांदा लागायला अजून 88 हजार आहेत.