वाख हवा, तर भाव आधी बोला

शहरात इमारती पाडल्या जातात, त्यांचा राडारोडा फोडून पुन्हा गिट्टी करतात आणि ती नव्या काँक्रीटमध्ये घालतात. आयएस ३८३ या भारतीय मानकाने २०१६ साली याला रीतसर जागा दिली : साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत. आमचा याला पाठिंबा आहे. डोंगर कमी फुटतील तितकी खाणीची धूळ पिकावर कमी बसेल.

आता याच काँक्रीटमध्ये घायपात, अंबाडी, काथ्या घालण्याचे प्रयोग चालू आहेत. वाख सळईची जागा घेत नाही. काँक्रीट सुकताना पडणाऱ्या बारीक भेगा तो आवरतो. पण या प्रयोगांची चर्चा करणारे घायपाताला 'टाकाऊ' म्हणतात, तिथे आमचे कान टवकारतात. एकदा टाकाऊ म्हटले की भाव विचारायचे कारणच उरत नाही. नायलॉनचा दोर आला तेव्हा अंबाडी बांधावरून गेली, दोर वळणारी घरे बसली.

हिशेबच मांडू. आकारमानाने अर्धा टक्का वाख धरला तर घनमीटरला सुमारे ७ किलो लागतो. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड रस्ता म्हणजे ४५ घनमीटर, म्हणजे ३१५ किलो वाख. घायपाताच्या पानात वाख शेकडा ४ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ ८ टन पाने! ती काटे सांभाळत कापायची, सोलायची, धुवायची, वाळवायची. ही मजुरी कोणाच्या हिशेबात धरली आहे?

दुसरी गोष्ट टिकण्याची. सामू साडेआठच्या वर गेला की आपण जमीन चोपण झाली म्हणतो. सिमेंटचा सामू १२ च्याही वर. त्यात वाख हळूहळू खाल्ला जातो. काही सिमेंटऐवजी औष्णिक केंद्राची राख किंवा भाताच्या तुसाची राख वापरली तर हा मारा कमी होतो. तरीही आधी गोठ्याची फरशी करून पाहावी, शाळेचे छत नव्हे.

जिल्हा बैठकीत ठराव असा यावा : वाख मागणाऱ्याने किलोचा दर आणि उचलीची मुदत आधी लेखी द्यावी, सोलणी यंत्र गावातच बसवावे. तोवर कोणी नवी लागवड करू नये. घायपाताची पहिली कापणी यायला साधारण ३ वर्षे लागतात. लावून बसलेल्याला तेव्हा भाव सांगणे आम्हाला मंजूर नाही.