नावामागची गोष्ट: हायजीया आणि तिची बहीण

'हायजीन' हा शब्द आपण रोज ऐकतो. पण त्यामागे एका मुलीचं नाव आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?

ग्रीक पुराणकथांमध्ये अ‍ॅस्क्लेपियस हा वैद्यकाचा देव. त्याच्या काठीला साप वेटोळं घालून असतो. हायजीया आणि पॅनेसिया या त्याच्या मुली. ग्रीक भाषेत 'हुगिएस' म्हणजे निरोगी, त्यावरून हायजीया. 'पान' म्हणजे सर्व आणि 'आकोस' म्हणजे उपाय, म्हणून पॅनेसिया. आपल्या भाषेत रामबाण उपाय! डॉक्टरांच्या प्रसिद्ध हिप्पोक्रेटिक शपथेच्या सुरुवातीलाच या दोघींची नावं येतात. औषधनिर्माणशास्त्राचं वाटी आणि सापाचं चिन्हही हायजीयाचंच.

पॅनेसियाचं काम आजार झाल्यावर सुरू होतं, हायजीयाचं त्याच्या आधी. पण सगळ्या रोगांवर एकच औषध सांगणारा मेसेज आला की आपण तो लगेच पुढे पाठवतो, आणि आजी 'हातपाय धुऊन ये' म्हणाली की कंटाळा करतो.

सगळ्यांवर चालणारी पॅनेसिया अजून कुणालाच सापडलेली नाही. हायजीया मात्र घरच्या मोरीत, साबणाशेजारीच उभी आहे.