माल दुकानदाराचा, किंमत कुणाची?

गिटार किंवा सिंथेसायझर विकत घेणारा प्रत्येक जण व्यावसायिक कलावंत नसतो. नोकरी आणि संसार सांभाळून, चार पैसे बाजूला टाकून तो आपला छंद जोपासतो किंवा मुलाच्या हाती पहिले वाद्य देतो. अशा ग्राहकाला थोड्या कमी दरात वाद्य देण्यास दुकानदार तयार आहे, पण कंपनीच त्याचा हात धरते, असे घडले तर तो विषय केवळ दोन व्यापाऱ्यांमधला राहत नाही.

ब्रिटनमध्ये नेमके हेच घडले. तेथील स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने 2019 मध्ये कॅसिओला 37 लाख पौंडांचा, तर जानेवारी 2020 मध्ये फेंडरला 45 लाख पौंडांचा दंड ठोठावला. पुढे रोलंड आणि कॉर्ग या कंपन्यांवरही कारवाई झाली. आरोप एकच होता : ठरावीक किमतीच्या खाली ऑनलाइन विक्री करू नये, असे बंधन किरकोळ विक्रेत्यांवर लादले गेले. कॅसिओने तर दुकानदारांच्या दरांवर नजर ठेवण्यासाठी संगणकप्रणाली वापरली. फेंडरच्या प्रकरणात एक दुकानदारच दुसऱ्याच्या सवलतीची चुगली कंपनीकडे करी आणि मग कंपनीचा दबाव येई. ज्यांनी एकमेकांशी स्पर्धा करायची, तेच एकमेकांचे पहारेकरी झाले!

कंपन्यांचीही एक बाजू आहे आणि ती सरसकट खोटी नाही. सुसज्ज दुकान थाटणारा, जाणकार माणूस नेमणारा, ग्राहकाला तासभर वाद्य वाजवून पाहू देणारा विक्रेता खर्च करतो. ग्राहक मात्र तेथे वाद्य पारखतो आणि घरी जाऊन स्वस्त ऑनलाइन दुकानातून मागवतो. असे होत राहिले, तर चांगली दुकाने टिकणार कशी? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1911 मध्ये किमान दर लादणे सरसकट बेकायदा ठरवले होते. 2007 मध्ये त्याच न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, तो दंडक बाजूला सारला. प्रत्येक प्रकरणात लाभहानी तपासावी, अशी भूमिका त्याने घेतली, ती या युक्तिवादात तथ्य आढळल्यामुळेच.

परंतु दुकानदाराच्या सेवेचे मोल द्यायचे, तर कंपनीने ते स्वतःच्या खिशातून द्यावे. प्रात्यक्षिकासाठी वाद्ये द्यावीत, चांगल्या सेवेबद्दल वाढीव कमिशन द्यावे. त्याऐवजी ग्राहकाच्या खिशात हात घालून सर्वांनाच महाग दर भरायला लावणे, हा सोपा पण अन्यायकारक मार्ग आहे. शिवाय वाढीव नफा मिळालेला दुकानदार तो सेवेवरच खर्च करील, याची हमी काय?

भारतीयांना ही चर्चा दूरची वाटू नये. आपल्याकडे वेष्टनावर छापलेली एमआरपी ही कमाल किंमत असते. त्याखाली विकण्याची मुभा दुकानदाराला आहे. 2002 च्या स्पर्धा कायद्यानेही, स्पर्धेला बाधा येत असेल तर, पुनर्विक्रीचा दर लादण्यास मनाई केली आहे. ऑगस्ट 2021 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला वितरकांच्या सवलतींवर निर्बंध घातल्याबद्दल 200 कोटींचा दंड सुनावला. कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली, हा भाग वेगळा. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या चौकशीची सुरुवात एका वितरकाच्या निनावी ईमेलने झाली होती आणि त्यात पुण्यासह महाराष्ट्र-गोव्यातील व्यवहारांचा उल्लेख होता. वितरकाला नाव लपवून तक्रार करावी लागते, यातच त्याची अगतिकता दिसते.

रोख मोजून माल घेतला, गोदामाचे भाडे भरले, न विकल्याचा तोटाही सोसला. मग विक्रीची किंमत ठरवण्याचा अधिकार तेवढा कंपनीकडे का? जोखीम ज्याची, निर्णय त्याचा, हा व्यापाराचा साधा धर्म आहे. तो मोडला, की दुकानदार स्वतंत्र व्यापारी उरत नाही; स्वतःच्या भांडवलावर राबणारा कंपनीचा बिनपगारी नोकर होतो.